बूच, दादरा आणि एकवीस दात

उन्हाळ्यात लोणच्याची बरणी भरली की आई तिच्या काठावरून कोरडं फडकं फिरवायची, झाकण ठेवायची आणि वरून उन्हात वाळवलेल्या पांढऱ्या कापडाचा दादरा बांधायची. सुतळीचे दोन-तीन वेढे बरणीच्या गळ्याशी आवळले की वर्षाची बेगमी झाली. दादरा सोडण्याचीही तिची शिस्त होती. आधी वरची धूळ झटकायची, मग गाठ सोडायची, मग कापडाचे काठ वर गोळा करत उचलायचं, म्हणजे त्याच्यावरचं काही आत पडत नाही. त्याच फडताळात बरणीशेजारी मधाची बाटली असायची. तिला बूच. ते गळ्यात दाबून बसवलेलं, डोक्यावर काळपट चिकट थर धरलेलं. उघडताना त्याचा भुगा मधात पडायचाच.

भांडं बंद करण्याच्या दोन रीती अशा एका फडताळात नांदत होत्या. बूच काठाच्या आत शिरतं. दादरा काठावरून बाहेर उतरतो. सोडावॉटरच्या, बिअरच्या, थंड पेयाच्या काचेच्या बाटलीवर बसणारं दातेरी पत्र्याचं झाकण, ज्याला आम्ही पोरं बिल्ला म्हणायचो, ते यांतल्या कुठल्या घराण्यातलं, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. नावानं ते बूचच राहिलं. इंग्रजीतही त्याला ‘क्राउन कॉर्क’ म्हणत आले, आणि कॉर्कचा कणही उरला नाही तरी ते नाव काही गेलं नाही. घडणीनं मात्र तो दादरा आहे. बाटलीतलं पेय स्वच्छ राहू लागलं ते या घराणेबदलामुळे, असं माझं मत आहे, आणि तो कसा झाला हे सांगण्यासाठीच हा मागोवा.

बूच हा शब्द पाहुणा आहे. पोर्तुगीज ‘बुचा’, म्हणजे भोकात कोंबायचा बोळा, यावरून तो मराठीत आला असं मानतात. वस्तूही त्याच मुलखातली. कॉर्क-ओक या झाडाची साल पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये साधारण दर नऊ वर्षांनी सोलून काढतात. साल पुन्हा भरते, झाड जगतं. पुण्यात रस्तोरस्ती दिसणारं आपलं बुचाचं झाड, पांढऱ्या लांब नळीच्या सुगंधी फुलांचा सडा घालणारं, त्या ओकच्या नात्यातलं नाही. त्याची साल जाड, मऊ आणि भेगाळ असते. खऱ्या कॉर्कच्या जागी हलकं बूच म्हणून ती चालवून घेत, म्हणून नाव चिकटलं.

खरा कॉर्क हा निसर्गाचा कमालीचा पदार्थ. १६६५ साली रॉबर्ट हुक यानं सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा पातळ काप धरला, तेव्हा त्याला मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं दिसली. पेशीला ‘सेल’ हे इंग्रजी नाव त्यावरूनच पडलं. या बंद घरांत हवा कोंडलेली असते, म्हणून कॉर्क दाबला जातो आणि सोडला की फुगून भिंतीला टेकतो. काचेच्या ओबडधोबड गळ्यात याच्याइतकं चपखल बसणारं दुसरं काही शतकानुशतकं सापडलं नाही.

पण साल ती साल. झाडाला श्वास घेता यावा म्हणून तिच्यात आरपार बारीक नळ्या असतात. त्यात ओल मुरते, बुरशी वाढते. वाइनला कधीकधी ओल्या पोत्यासारखा कुबट वास येतो. त्याचं मुख्य कारण असलेलं रसायन हान्स टॅनर या स्विस संशोधकानं १९८१ साली ओळखलं, म्हणजे माणसानं बूच वापरायला लागून इतकी शतकं उलटल्यावर. शिवाय कॉर्क वाळला की आकसतो, म्हणून बाटली आडवी ठेवून बूच आतून भिजत ठेवायचं. वायूची पेयं आली तेव्हा तर बाटलीचं बूडच गोल करून टाकलं, म्हणजे ती उभी राहूच शकणार नाही, दुकानदाराला ती आडवीच ठेवावी लागेल. एवढं करूनही वायूच्या दाबानं बूच उडायचं. मग त्याला दोरीनं किंवा तारेनं बांधायचं.

सगळ्यात वाईट गोष्ट अशी की बुचाच्या डोक्यावर, बाटलीच्या तोंडात, एक उथळ वाटी तयार होते. कोठारातली धूळ, माशीचे पाय, उंदराची ये-जा, गाडीवानाचे हात, सगळं त्या वाटीत जमतं. बूच ओढलं की तिथली घाण गळ्याच्या कडेनं उतरते, आणि पेय ओतलं जातं ते त्याच कडेवरून.

एकोणिसाव्या शतकातल्या कल्पक लोकांनी बूच बदललं, पण त्याची आत शिरण्याची खोड बदलली नाही. आपल्याकडे गोटी सोडा म्हणून अजून जीव धरून असलेली बाटली हे त्याचं सर्वांत देखणं उदाहरण. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्यानं १८७० च्या दशकाच्या आरंभी तिची पेटंटं घेतली. गळ्यात काचेची गोटी, ओठाच्या आत रबराचं कडं. बाटली भरून उलटी केली की गोटी कड्यावर येऊन पडते आणि आतला वायूच तिला घट्ट दाबून धरतो. जो दाब बूच उडवायचा, त्यालाच कॉडनं राखणदार नेमलं. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनं मला ही युक्ती आजही थक्क करते. उघडायला गोटी आत ढकलायची, ती गळ्यातल्या दोन खोबणींत अडकते आणि ओतताना परत तोंडाशी येत नाही.

आता तीच बाटली स्वच्छतेच्या बाजूनं पाहा. गोटीची वरची बाजू उघडी, म्हणजे बाटलीच्या तोंडात धूळ झेलत बसलेली. तिलाच सोडावाला अंगठ्यानं नाही तर लाकडी दट्ट्यानं आत ढकलतो. त्या अंगठ्यानं त्यानं आधी पैसे मोजलेले असतात, बर्फ फोडलेला असतो. गोटीवरची धूळ आणि अंगठ्याचा मळ पेयात उतरतो आणि पिणाऱ्याच्या पोटात जातो. बाटली धुवायची म्हटलं तर गळा चिमटलेला, ब्रश खाली जात नाही, आणि गोटी जन्मभर आतच. मुंबई-पुण्यात पारशी आणि इराणी घराण्यांनी सोडावॉटरचा धंदा उभा केला तो याच काळात. पुण्याच्या अर्देशिरची सुरुवात १८८४ ची, मुंबईच्या ड्यूक्सची १८८९ ची. त्या सोड्याच्या चवीचं प्रेम दोन्ही शहरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं आणि मीही त्या प्रेमातलाच. म्हणून तर बाटलीच्या तोंडाचा हा दोष लिहिताना मला वाईट वाटतं. पण दोष होता.

अमेरिकेत याच चुकीचा वेगळा अवतार निघाला. शिकागोच्या चार्ल्स हचिन्सननं १८७९ साली तारेच्या फासाचं बूच काढलं. तारेच्या खालच्या टोकाला रबराची चकती, वरचा फास बाटलीच्या तोंडातून बाहेर डोकावणारा. फास वर ओढला की चकती गळ्याला आतून टेकून बसते, तळहातानं फासावर थाप मारली की ‘पॉप’ आवाज होऊन सगळं आत जातं. चकतीच्या वर पुन्हा तीच वाटी, तीच धूळ, आणि थापेसरशी सगळं पेयात. तार आणि रबर बाटलीतच राहायचं, गंजायचं, कुजायचं आणि पुढच्या भरतीला तसंच वापरलं जायचं. मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्ग गावी जोसेफ बीडनहार्न यानं १८९४ साली पहिल्यांदा कोकाकोला बाटलीत भरला तो असल्याच बाटल्यांत.

धातूचं झाकण त्याआधी आलेलं होतं, पण बरण्यांसाठी. न्यू यॉर्कच्या जॉन मेसननं १८५८ साली काचेच्या बरणीच्या गळ्यावर आटे पाडून जस्ताचं फिरकीचं झाकण बसवलं. हा खरा दादरा, काठाबाहेरून उतरणारा. पण त्यात नवीच अडचण निघाली. आंबट मुरंबे आणि टोमॅटो जस्ताला लागले की धातू खाल्ला जायचा आणि पदार्थाला त्याची चव यायची. १८६९ साली लुईस बॉइड यानं झाकणाच्या आत दुधी काचेची चकती बसवून तो संपर्क तोडला. आपल्याकडे चिंच आणि कैरी पितळेच्या भांड्यात ठेवू नये, ठेवायचीच तर कल्हईच्या, हे ज्या घरांना ठाऊक होतं त्यांना बॉइडचा मुद्दा समजावून सांगावा लागला नसता. पत्र्याला पेय लागू द्यायचं नाही. पुढच्या दीडशे वर्षांत झाकणाच्या आतल्या चकतीची जी सगळी कथा घडली, ती या वाक्याभोवती फिरते.

आता बाल्टिमोरकडे वळू.

विल्यम पेंटर १८३८ साली मेरीलँडमधल्या एका क्वेकर कुटुंबात जन्मला. १८६५ मध्ये तो बाल्टिमोरला एका यंत्रशाळेत फोरमन म्हणून आला आणि पुढे तिथलाच झाला. खोटं नाणं ओळखण्याचं यंत्र, कागदाला घड्या घालण्याचं यंत्र असलं बरंच काही त्यानं शोधलं. त्याच्या नावावर पंच्याऐंशीच्या आसपास पेटंटं आहेत. १८८५ साली त्यानं बाटलीसाठी रबराची छोटी चकती काढली. गळ्यात आतून खोबण, तिच्यात चकती दाबून बसवायची, आकड्यानं ओढून काढायची आणि फेकून द्यायची. ‘फेकून द्यायची’ हे नवं होतं. चकती स्वस्त होती, म्हणून पुन्हा वापरायचा मोह कुणाला होणार नव्हता. पण ती अजूनही आत बसत होती. वरची वाटी तशीच होती.

पुढच्या सहा-सात वर्षांत पेंटरनं जे केलं ते मला शोधापेक्षाही मोठं वाटतं, कारण त्यानं स्वतःचाच बरा चाललेला माल मोडीत काढला. त्यानं बुचाला गळ्यातून बाहेर काढलं आणि काठावर बसवलं.

२ फेब्रुवारी १८९२ रोजी मिळालेल्या पेटंटांतली रचना अशी. पातळ पत्र्याची उथळ टोपी, तिचा घेर चुण्या पाडलेला, परकराच्या घेरासारखा. आत कॉर्कची पातळ चकती, आणि पेय कॉर्कलाही लागू नये म्हणून तिच्यावर संरक्षक कागदाचं अस्तर. बाटलीच्या ओठाच्या खाली बाहेरच्या बाजूनं काचेचा फुगीर कंगोरा. यंत्राचा साचा टोपीला वरून दाबतो, त्यामुळे चकती ओठावर चेपली जाते. मग तसाच खाली उतरत तो घेराचे दात चहूबाजूंनी आत वळवतो आणि ते कंगोऱ्याखाली जाऊन पकडतात. बरणीच्या गळ्याशी सुतळी आवळायची तीच ही जागा, फक्त सुतळीचं काम पत्र्यानंच केलं.

कॉडच्या बाटलीत वायूचा दाब राखणदार होता. इथे तो पुन्हा शत्रू झाला. उन्हात तापलेल्या सोड्याच्या बाटलीत हा दाब बाहेरच्या हवेच्या चार-पाच पटींवर सहज जातो, आणि तो टोपीला खालून उचलू पाहतो. त्याला तोंड देतात ते फक्त वळवलेले दात. पेंटरनं हे ओझं पत्र्यावर मुद्दाम घेतलं, कारण त्याच्या बदल्यात जे मिळालं ते कॉडला मिळालं नव्हतं. ओठाची वरची कड, जिथे आपण तोंड लावतो किंवा जिच्यावरून पेय पेल्यात पडतं, ती भरल्या क्षणापासून उघडेपर्यंत टोपीखाली झाकलेली राहते. धूळ बसते ती टोपीच्या डोक्यावर. आणि टोपी उघडते ती बाहेरच्या बाजूला, वर. आई दादरा उचलायची तशीच ती वरची धूळ स्वतःबरोबर घेऊन जाते. आत काही ढकललं जात नाही.

उघडण्यासाठीचं ओपनर पेंटरनंच काढलं, त्याचं पेटंट १८९४ चं. एक टोक टोपीच्या डोक्यावर टेकतं, दुसरं घेराखाली अडकतं, आणि तरफेचा एक झटका पुरतो. त्या झटक्यात टोपी मध्यातून वाकते, आणि वाकलेली टोपी पुन्हा मूळच्यासारखी घट्ट बसवणं अवघड. कुणी मधेच उघडून काही मिसळलं, तर वाकलेले दात चुगली करतात. ‘सील फुटलेलं नाही ना, बघून घे’ असं आपण पोरांना प्रवासात बजावतो, त्या ‘सील’वरचा आपला विश्वास घडवण्यात या दातांचा वाटा मोठा.

पेंटरच्या कंपनीत किंग कॅम्प जिलेट नावाचा फिरता विक्रेता होता. लोक एकदा वापरून टाकतील आणि पुन्हा विकत घेतील असं काहीतरी शोध, असा सल्ला पेंटरनं आपल्याला दिला होता, ही आठवण जिलेटनं पुढे स्वतः सांगितली. त्यातून दाढीचं फेकायचं पातं जन्मलं. ‘वापरा आणि फेका’ या धंद्याच्या मंत्राचे डोंगर आज आपल्या गावांबाहेर धुमसताहेत, म्हणून या गोष्टीकडे रागानं पाहावंसं वाटतं. पण बाटलीच्या बाबतीत हिशेब वेगळा आहे. जुन्या व्यवस्थेत बूच, तार, रबर सगळं परत वापरात येई आणि मागच्या पिणाऱ्याची लाळ पुढच्याकडे जाई. बिल्ल्यानं काच परतीची ठेवली आणि बूच तेवढं एकदाचं केलं. काचेची बाटली कॉस्टिकच्या गरम पाण्यात धुऊन पुन्हापुन्हा भरता येते. दर खेपेला नवं लागतं ते दोन-सव्वादोन ग्रॅम पत्र्याचं झाकण. मोठी वस्तू टिकवायची आणि तिच्या शुद्धतेसाठी छोटी वस्तू बदलायची, ही विभागणी मला आजही शहाणपणाची वाटते. प्लास्टिकच्या बाटलीनं ती मोडली, तिथे दोन्ही फेकले जातात.

पेंटरचं झाकण लगेच सगळीकडे पोचलं नाही. हातानं फुंकलेल्या बाटल्यांचे ओठ सारखे नसत. एक जाड, दुसरा तिरका. त्यांवर एकाच मापाची टोपी बसेना. भरणाऱ्यांपाशी जुन्या बाटल्यांचे ढीग होते, ते कोण टाकून देणार? पेंटरनं १८९८ पर्यंत पायानं चालवायचं भरण्याचं आणि झाकण बसवण्याचं यंत्र काढून छोट्या धंदेवाल्यांची एक अडचण सोडवली. खरा अडसर दूर झाला तो १९०३ च्या सुमारास, ओहायोतल्या टोलेडो गावी मायकेल ओवेन्सचं बाटल्या आपोआप घडवणारं यंत्र चालू झालं तेव्हा. बाटलीमागून बाटली, प्रत्येकीचा ओठ तोच. पेंटर १९०६ साली वारला. बिल्ल्याच्या बाटलीच्या तोंडाला आज जगात बहुतेक ठिकाणी एकच माप आहे, त्याच्या मुळाशी ही दोन यंत्रं आहेत.

पेंटरच्या टोपीला २४ दात होते. आज तुम्ही कुठलाही बिल्ला उचलून मोजा, २१ भरतील. मी पहिल्यांदा मोजले तेव्हा बोटाखाली एक खूण धरून तीनदा मोजावे लागले, कारण गोल वस्तूवर आरंभ कुठे केला ते विसरायला होतं. सम संख्येत प्रत्येक दातासमोर दात येतो, विषम संख्येत दातासमोर खाच येते. पुरवठ्याच्या नळीतून टोप्या घसरत जाताना त्यामुळे अडकत नाहीत, असं या धंद्यातले लोक सांगतात. पत्रा पाव मिलिमीटरहूनही थोडा पातळ. टोपीचा घेर बसण्याआधी सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचा असतो, बसल्यावर साडेअठ्ठावीसच्या थोडा वर येतो. बाटल्या भरण्याच्या कारखान्यात हे तपासायला भोकं पाडलेली साधी पोलादी पट्टी असते. एका भोकातून टोपी जायला हवी, दुसऱ्यातून जाता कामा नये. सैल असेल तर वायू गळतो, आणि जिथून वायू बाहेर जातो तिथून जंतूही आत येतो. फार आवळली तर काचेच्या ओठाला चीर जाते. अर्ध्या मिलिमीटरच्या आत दोन्ही संकटं उभी असतात.

माझ्या लहानपणी बिल्ला दगडानं ठोकून सपाट करायचा, खिळ्यानं मध्ये दोन भोकं पाडायची, दोरा ओवायचा आणि दोन्ही हातांनी ताणून-सोडून तो गरगर फिरवायचा, हा उन्हाळ्यातला हक्काचा खेळ होता. ठोकण्याआधी आतली चकती नखानं उचकटून काढावी लागे. काही बिल्ल्यांत ती तपकिरी, भुसभुशीत निघायची, काहींत रबरासारखी पांढरट, ताणली की लांबणारी. एका मोठ्या बदलाच्या दोन्ही बाजू आपल्या नखाखाली येताहेत, हे तेव्हा कुठून कळणार?

तपकिरी ती कॉर्कची. आरंभी ती अखंड सालीतून कापत. मग बाल्टिमोरमध्येच चार्ल्स मॅकमॅनस यानं कॉर्कचा भुगा चिकट द्रव्यात मळून त्याच्या चकत्या पाडायची रीत बसवली आणि १९२७ साली पेंटरची कंपनीच हातात घेतली. भुग्याच्या चकतीत आरपार जाणाऱ्या नळ्या उरत नाहीत, म्हणजे कॉर्कचा जन्मजात दोष गेला. पण ओल आणि वास शोषायची सवय गेली नाही. म्हणून तिच्या मधोमध ॲल्युमिनियमचा किंवा लाखेचा लेप दिलेला गोल ठिपका चिकटवत, बॉइडच्या काचेच्या चकतीचा तो धाकटा भाऊ. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून साल येणं संकटात आलं, तेव्हा मॅकमॅनसनं अमेरिकेतच कॉर्क-ओकची रोपं लावायची मोहीम काढली. ती झाडं उपयोगाला येईपर्यंत काळ पुढे गेला होता.

पांढरी चकती ती पीव्हीसीची. १९६० च्या दशकात तिनं कॉर्कला हटवलं. पातळ केलेला प्लास्टिकचा थेंब टोपीत सोडायचा, ठोकून त्याला कड्याचा आकार द्यायचा, भाजून घट्ट करायचा. हे कडं पाणी पीत नाही, बुरशी धरत नाही, प्रत्येक टोपीत सारखंच उतरतं. जिवंत सालीपासून कारखान्यातल्या राळेपर्यंतचा हा प्रवास स्वच्छतेच्या दृष्टीनं निर्विवाद पुढचा होता, निदान तसं वाटलं.

पण पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ करायला तेलकट द्रव्यं मिसळावी लागतात, आणि ती तेलाच्या पदार्थात हळूहळू उतरतात. सोड्यात हा धोका कमी. फिरकीच्या झाकणाच्या बरण्यांत, जिथे तेलातलं लोणचं किंवा चटणी असते, तिथे जास्त. २००३ साली युरोपात तान्ह्या बाळांच्या खाद्याच्या बरण्यांत सेमिकार्बाझाइड नावाचं रसायन सापडलं. ते खाद्यातलं नव्हतं, झाकणाच्या आतल्या कड्यातून आलं होतं. कडं स्पंजासारखं फुगावं म्हणून त्यात ॲझोडायकार्बोनामाइड घालत, ते तापवल्यावर फुटून हे रसायन तयार होई. २००५ पासून युरोपीय संघानं अन्नाला लागणाऱ्या प्लास्टिकमध्ये ॲझोडायकार्बोनामाइड घालायला बंदी केली. जंतूंना बाहेर ठेवण्यासाठी नेमलेला पहारेकरीच आत काहीतरी सोडत होता, तेही तान्ह्या मुलांच्या घासात. या घटनेनंतर झाकण घडवणाऱ्यांना प्रश्न दोन बाजूंनी मांडावा लागला: बाहेरचं आत येत नाही ना, आणि झाकणातलं आत जात नाही ना? पीव्हीसी अजिबात नसलेल्या चकत्यांकडे जो ओढा आता दिसतो, त्यामागे हा दुसरा प्रश्न आहे.

दुधाच्या बाटलीनंही हीच वाट चालली, ते थोडक्यात सांगतो. न्यू यॉर्क राज्यातल्या पॉट्सडॅम गावच्या डॉ. हार्वी थॅचर यांनी १८८४ साली दुधाची काचेची बाटली आणली. १८८९ मध्ये तिच्या तोंडात आतल्या खाचेवर बसणारी पुठ्ठ्याची चकती आली. म्हणजे पुन्हा बूच, पुन्हा वर उघडी वाटी, पुन्हा अंगठा. त्यावरचा उतारा होता ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची, ओठावरून खाली दुमडलेली टोपी. मुंबईत आरेच्या केंद्रावर रांगेत उभं राहून ज्यांनी काचेच्या बाटल्या आणल्या, त्यांच्या बोटांना ते चुरचुरीत बूच अजून आठवत असेल. नाव बूच, आणि रूप अगदी दादऱ्याचं.

मग पत्र्याचा डबा आला आणि मला जो बदल कायमचा वाटत होता तो उलटला. ओहायोच्या अर्मल फ्रेझ यानं १९६३ साली पेटंट केलेली कडी ओढली की पत्र्याचा तुकडा बाहेर निघायचा. तो लोक वाळूत, रस्त्यावर टाकत, पाय कापत. म्हणून १९७५ साली डॅनियल कुडझिक याची, डब्यालाच चिकटून राहणारी कडी आली, जी आज आपण वापरतो. ती काय करते ते नीट पाहा. डब्याच्या माथ्यावरची एक पाकळी ती आत, पेयात ढकलते. गोदामात, टेम्पोत, बर्फाच्या पेटीत जी बाजू उघडी होती तीच पेयात बुडते, आणि आपण ओठ लावतो तेही त्याच माथ्याला. हचिन्सनची तार आणि कॉडची गोटी शंभर वर्षांनी ॲल्युमिनियमच्या रूपानं परत आली. डब्याचा माथा शर्टाच्या बाहीनं पुसून कडी ओढणारा मुलगा दिसला की मला थांबून त्याला पाण्यानं धुवायला सांगावंसं वाटतं, आणि मी सांगतोही.

बिल्ला तरी निर्दोष आहे का? नाही. टोपीच्या घेरात आणि काचेत जी बारीक फट राहते तिच्यात भरताना सांडलेलं गोड पेय अडकतं. धुण्याचं पाणीही अडकतं. पत्रा कथिलाच्या किंवा क्रोमच्या मुलाम्याचा असला तरी दातांच्या कापलेल्या कडा उघड्या असतात, तिथे गंज धरतो. बाटली उघडल्यावर ओठाखाली दिसणारं तांबूस वर्तुळ ते हेच. चकतीच्या आत ते पोचत नाही, पण बाटलीला तोंड लावलं तर ओठांना लागतं. चांगल्या कारखान्यात झाकण बसल्यावर बाटलीच्या गळ्यावर पाण्याचा फवारा आणि मग हवेचा झोत मारतात, तो या फटीसाठी. बर्फाच्या पाण्यात दिवसभर बुडवून ठेवलेल्या बाटलीला त्याचा काही उपयोग उरत नाही, कारण त्या पाण्यात दिवसभरात शंभर हात गेलेले असतात.

आमच्या गावच्या एसटी स्टँडसमोरच्या शीतपेयाच्या दुकानात काउंटरच्या कडेला ओपनर ठोकलेलं आहे आणि खाली बिल्ले पडायला पत्र्याचा डबा. मालक मुलगा बाटली बर्फातून काढतो, आधी गळा कोरड्या फडक्यानं पुसतो, मग उघडतो, आणि उघडल्यावर ओठाच्या बाहेरून पुन्हा एकदा फडकं फिरवतो. हे त्याला कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, वडील असंच करायचे. त्या डब्यातून एक ताजा बिल्ला मी उचलला. मध्यातून वाकलेला, दोन दात जरा ताणलेले. आतली चकती ओली होती, आणि तिच्यावर बाटलीच्या ओठाचं गोल वळ उमटलेलं होतं, एकसारख्या खोलीचं, कुठेही तुटलेलं नाही. त्या वळाच्या आतल्या बाजूला पेयाचे थेंब होते. बाहेरच्या बाजूला, घेराच्या चुण्यांत, काळसर ओली धूळ. वळ ओलांडून ती आत आलेली नव्हती.